सावरणी

ज्या वर्षी माझा धाकटा भाऊ मारुती याने पंचेचाळिशी उलटल्यावर दुसरं लग्न केलं, ते वर्ष २०३३. लग्न नोंदणी पद्धतीचं होतं आणि आमच्या बाजूचा साक्षीदार मी होतो. तोवर जिथे जिथे माझी सही लागली तिथे मी अंगठा उठवला होता. त्या दिवशी मात्र नवा सदरा घालून, खिशाला पेन लावून कचेरीत गेलो. वर्षभर मी अक्षरं शिकत होतो आणि माझं अक्षर वळणदार येतं अशी माझी खात्री होती.

कारकुनाने कागद पुढे सरकवला. मी दाबून दाबून लिहिलं, तुळशीराम शंकर धोत्रे. तो कागदाकडे बघत राहिला. मग शाईची डबी माझ्यापुढे ठेवून हळूच म्हणाला, "आजोबा, अंगठाच द्या. हे वाचता येत नाही."

मी खाली पाहिलं. चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं काहीतरी कागदावर होतं. मारुतीच्या नव्या बायकोने मला लाज वाटू नये म्हणून मान फिरवली. मी अंगठा दिला.

परत येताना जीपमध्ये माझी मुलगी सारिका शेजारी बसली होती. अक्षरं शिकवणारा खेळ तिनेच मला करून दिला होता. ती पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओत नोकरीला होती. खेळात काय दिसेल, खेळणारा कुठे अडखळेल, कुठे त्याला जिंकल्यासारखं वाटेल, हे सगळं ठरवायचं तिचं काम. माझ्यासाठी तिने सुट्टीत बसून 'पाटी' नावाचा छोटा खेळ केला. मनगटाला पट्टा बांधायचा, हवेत बोट फिरवायचं, की पडद्यावर अक्षर उमटायचं. अक्षर बरोबर आलं की पडद्यावरचं जातं फिरायचं आणि पीठ पडायचं. माझं जातं रोज फिरत होतं.

"आण्णा," ती म्हणाली, "तुमचं अक्षर मी सावरून घेत होते."

"म्हंजे?"

"तुम्ही वाकडं काढलं तरी पडद्यावर सरळ यायचं. पहिल्या आठवड्यात तुम्ही पट्टा काढून फेकला होता ना. मला वाटलं, आता हे सोडून देणार. म्हणून खेळालाच सांगितलं, आण्णांना सांभाळून घे."

"आन् मी जगाला सांगत फिरतोय, काय हात बसलाय माझा."

पुढच्या सीटवरून तिची आई म्हणाली, "लग्न भावजींचं, आन् तोंड ह्यांचं पडलंय. काय झालं?"

"काय न्हाई," मी म्हणालो. मग सारूला म्हणालो, "मला सांगायचं होतंस. मी दगडाचा माणूस हाय. टाकी चुकली तर दगडावर दिसतं. दिसलं तर पुढचा घाव नीट बसतो."

मी अर्धं आयुष्य गावोगाव फिरून जाती, पाटे टाकवले. टाकवणं म्हणजे झिजलेल्या दगडाला टाकीने, म्हणजे छिन्नीने, पुन्हा खरबरीत करणं. जाती फिरायची बंद झाली तेव्हा खडी क्रशरवर गेलो. शाळेचं दार माझ्या नशिबात एवढंच होतं, की त्याच्या उंबऱ्याचा दगड मी घडवला.

सारूने त्याच आठवड्यात माझ्या खेळातली ती सोय काढून टाकली. मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. जातं फिरेना. मी खेळाला शिव्या देत होतो आणि ती हसत होती. पुढच्या दिवाळीपर्यंत माझी सही वाचता यायला लागली.

माझ्या खेळातून काढलेली ती सोय सारू पुण्याला घेऊन गेली. स्टुडिओत तिला नाव मिळालं, सावरणी.

सावरणी काय करते हे तिने मला एकदा जेवताना, ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांनी दाखवलं होतं. मला समजलं तसं लिहितो. बोट हलवायचं असं मेंदूने ठरवलं की तो हुकूम पाठीच्या कण्यातून, मज्जातंतूंमधून खाली येतो आणि स्नायूला पोचतो. हा हुकूम म्हणजे अगदी क्षीण वीज असते. मनगटावरचा पट्टा ती वीज कातडीवरूनच वाचतो. बोट हलायच्या आत पट्ट्याला कळलेलं असतं, की बोट आता हलणार. पण कोणाचाच हात स्थिर नसतो. प्रत्येक हुकुमात थोडी थरथर, थोडा घोटाळा मिसळलेला असतो. सावरणी महिनाभर तुमचा हात बघते आणि तुम्हाला काय करायचं असतं ते शिकते. मग तुम्ही प्रत्यक्षात काय केलं ते ती बाजूला टाकते, आणि तुम्हाला काय करायचं होतं ते पडद्यावर करून दाखवते. खेळणाऱ्याला वाटतं, आपलाच हात तयार झाला.

लोकांना ते फार आवडलं. म्हातारी माणसं खेळायला लागली, ज्यांनी कधी खेळ हातात धरले नव्हते अशा बायका खेळायला लागल्या. सारू अनेक डिझायनरांपैकी एक होती, ती मुख्य डिझायनर झाली. सावरणीला नमुना म्हणून एक स्थिर हात लागायचा. स्टुडिओत सगळ्यात स्थिर हात सारूचा होता. खेळाची नवी आवृत्ती निघाली की आधी सारू खेळायची आणि यंत्र तिच्या हाताचं माप घ्यायचं. तिला तिथे सगळे 'मूळ हात' म्हणायचे.

तिचा साहेब केतन वयाने तिच्याएवढाच होता, स्वभावाने चांगला. त्याने एकदा विचारलं होतं, की सावरणीने रोज किती सावरलं हा आकडा खेळणाऱ्याला दाखवायचा का. सारू नको म्हणाली. तिने स्टुडिओतल्या सगळ्यांना कचेरीतली माझी गोष्ट सांगितली. "माझ्या बापाचं तोंड मी त्या दिवशी बघितलंय," ती म्हणाली, "लोक खेळायला येतात, तपासून घ्यायला नाही." मग तो आकडा दाखवायचा नाही आणि साठवायचाही नाही असं ठरलं. रोज तो आपोआप पुसला जायचा. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी फक्त ऐकून घेतलं.

२०३६ आणि २०३७ ही दोन वर्षं स्टुडिओची भरभराटीची. खेळणारे कळवायचे, की तुमचे खेळ आताशा लोण्यासारखे चालतात, काही चुकतच नाही. केतनने सारूला पेढे पाठवले. ते पेढे आम्हीही खाल्ले.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. पाटावर माझी टाकी आणि हातोडी, तिच्या आईची विळी, आणि सारू नोकरीला लागल्यापासून तिचा मनगटाचा पट्टा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विसावा. शेजारी पाटी मांडायची आणि तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची. सारू पहिलीत गेली तेव्हापासून ती सरस्वती तीच काढायची. वर्षातून तेवढ्याच वेळी ती हातात पेन्सिल धरायची, एरवी सगळं काम पट्ट्यावर.

२०३७ च्या दसऱ्याला तिने पट्टा सोडून पाटावर ठेवला. तिची आई हळदकुंकवाची बोटं घेऊन थांबली. "ह्याला कुंकू लावायचं कुठं? ह्याला ना डोकं ना बूड."

"लाव कुठंही. चालेल त्याला."

"लग्न केलं असतंस तर जावयाला ओवाळलं असतं. आता पट्ट्याला ओवाळतीय."

"पट्टा बरा, आई. हुंडा मागत नाही."

हसत हसत सारूने पाटी मांडीवर घेतली. पहिला एक वाकडा आला. दुसरा त्याच्यावर चढला. तिसऱ्याला पेन्सिल बोटांतून निसटून फरशीवर पडली.

"सवयच गेली," ती म्हणाली. मी पेन्सिल उचलून दिली. पुन्हा पडली.

तेव्हा मी तिचा हात माझ्या हातात घेतला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये, हातोडीचा दांडा जिथे टेकतो, तिथे मांसाचा उंचवटा असतो. तिथे खळगा पडला होता. माझं बोट त्यात बसलं.

"हे कधीपासनं?"

"काय कधीपासनं?"

मी तिचं बोट धरून त्या खळग्यात ठेवलं. मग दुसऱ्या हातावर, जिथे उंचवटा अजून होता तिथे. ती दोन्ही हात पुढे धरून बघत राहिली. "कप पडतात माझ्याकडून," ती म्हणाली. "मला वाटलं, दमते मी."

त्या वर्षी पाटीवरची सरस्वती अर्धीच राहिली. सारूच्या आईने त्या अर्ध्या सरस्वतीलाच हळदकुंकू वाहिलं.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. कण्यातून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत होत्या. मेलेल्या पेशीचं काम शेजारची उचलते, त्यामुळे निम्म्या गेल्या तरी माणसाला पत्ता लागत नाही. जेव्हा हात गळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. अलीकडे एक औषध निघालं होतं. ते उरलेल्या पेशी धरून ठेवतं, पण गेलेल्या परत आणत नाही.

"दोन वर्षं आधी आला असतात तर हात राहिला असता," त्या म्हणाल्या. "आता आजार बराच पसरलाय. औषध देऊ, पण फार आशा ठेवू नका."

सारूने विचारलं, "मॅडम, एखादा पट्टा रोज मनगटावरून ही वीज वाचत असेल, तर त्याला आधी कळेल?"

"सगळ्यांत आधी त्यालाच कळेल. हुकूम कमी होतात, उरलेले मोठे होतात. फरक दिसतो. का?"

"काही नाही," सारू म्हणाली.

खाली उतरून ती गाडीपाशी आली. दाराला हात लावून उभी राहिली, दार तिला उघडेना. मी उघडलं.

"आण्णा, त्याला कळत होतं," ती म्हणाली. "मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली. हट्टाने मला बरोबर नेलं. केतन तिला बघून उभाच राहिला, त्याला कोणीतरी आधीच सांगितलं असावं. त्याने माझ्यासाठी स्वतः खुर्ची आणली.

"माझ्या हाताचे जुने आकडे बघायचेत," सारू म्हणाली.

"साठवलेच नाहीत गं आपण."

"माहितीय. तरी विचारलं." मग म्हणाली, "दोन वर्षं मी मूळ हात होते, केतन. माझा हात ढिला पडत गेला तसं यंत्र सगळ्यांसाठी ढिलं पडत गेलं, सगळ्यांचंच जास्त सावरत गेलं. लोण्यासारखं चालतंय म्हणत होते लोक. आता त्यांतल्या कोणाचा हात निकामी होत चाललाय, आपल्याला काय माहीत? उद्यापासून आकडा साठव. खेळणाऱ्याला दाखव."

केतनने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तू हे मागशील असं वाटलंच होतं. वकिलांशी बोललो मी रात्री. ते म्हणतात, एकदा दाखवला की आपण दवाखाना झालो. चुकून कोणाला घाबरवलं तर? आणि लोक निघून जातील, सारिका. लोक खेळायला येतात, तपासून घ्यायला नाही." मग तो थांबला. ते वाक्य कोणाचं होतं हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

सारूने पट्टा सोडायचा प्रयत्न केला. बक्कल निघेना. केतननेच पुढे होऊन तो सोडला, आणि सोडताना रडला. सारू रडली नाही. तिने नोकरीही तिथेच सोडली.

ती फलटणला आमच्या घरी परत आली आणि पुढच्या खोलीत तिचा स्वतःचा धंदा सुरू झाला. जोडीला मिरजेचा वाजिद होता, स्टुडिओत तिच्या हाताखाली प्रोग्राम लिहिणारा. तिच्या पाठोपाठ तोही नोकरी सोडून आला आणि आमच्याकडेच राहिला. तिची आई त्याला रागावून जेवायला वाढायची, कारण तो पडद्याकडे बघत जेवायचा.

खेळाचं नाव होतं 'टाकी'. एक माणूस गावोगाव हिंडून जाती टाकवतो, एवढाच खेळ. वाटेत गावं लागतात, कुत्री मागे लागतात, बायका घासाघीस करतात, कोणी ताक देतं. दगड पुढ्यात आला की खेळणाऱ्याने टाकवायचा. घाव जिथे पडेल तिथे पडेल. सावरणी नाही. आणि दर महिन्याला तो माणूस आपल्या घरी येतो, तेव्हा अंगणात दोन दगड शेजारी शेजारी मांडलेले असतात. खेळणाऱ्याने टाकवलेला पहिला, आणि आत्ताचा.

"आकडा नको, घाबरवणं नको," सारू म्हणाली. "आपला हात आपण बघायचा. सुधारला तर सुधारलेला दिसेल. बिघडला तर तेही दिसेल."

तपासणारा म्हणून तिने मला बसवलं.

"आण्णा, तुम्ही फारच नीट टाकवताय."

"मग काय वाकडं टाकवू?"

"पहिल्यांदाच टाकी धरलीय असं समजा."

"तसं मला जमत न्हाई."

"वाजिद, तू बस. तुला काहीच येत नाही."

"आण्णा, बघा," वाजिद म्हणायचा, "नोकरी सोडून आलो ते ह्या शब्दांसाठी."

तो खोलीतला आवाज अजून माझ्या कानात आहे. आजारी माणसाच्या घरात एवढं हसू कसं, असं शेजारी विचारायचे.

पहिल्या वर्षी तिचा उजवा हात गेला. दुसऱ्या वर्षी डावा ढिला पडला, पाय गेले. ती खुर्चीत बसून तोंडाने सांगायची आणि वाजिद करायचा. मग बोलणं जड झालं. तिसऱ्या वर्षी वाजिदने नवा पट्टा आणून तिच्या डाव्या मनगटाला बांधला आणि त्यात सावरणी घातली, म्हणजे तिला पडद्यावरची कामं तरी स्वतः करता येतील. बोटात उरलेली जरा वीज सावरणी वाचायची आणि तिचा बाण पडद्यावर सरळ चालायचा. तिने ती घेतली. कामापुरतीच, म्हणाली.

खेळाच्या सुरुवातीला एक दगड हवा होता. खेळणारा स्वतःची टाकी उचलण्याआधी त्याला तो दिसणार, पूर्वी कोणीतरी टाकवून गेलेला. सगळ्यांना वाटलं, तो मी टाकवणार. सारू म्हणाली, "मी." त्या दगडासाठी तिने सावरणी बंद करायला लावली.

जानेवारीतली सकाळ होती. ऊन खोलीत आलं होतं. मी तिचं मनगट उशीवर ठेवलं. ती पडद्यावरच्या त्या दगडावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायला लागली. एक घाव, मग बराच वेळ काही नाही, मग एक घाव. तिच्या आईने मध्येच पेज भरवली. दुपारी सारूने डोळे मिटले आणि म्हणाली, "झालं." त्यानंतर त्या हाताने काही केलं नाही.

ती गेल्यावर महिन्याभराने वाजिद मिरजेहून परत आला. खेळ पुरा झाला होता, फक्त बाहेर काढायचा होता. त्याने आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवलं.

"आण्णा, आई, एक दाखवायचंय. तो पहिला दगड. तिनं सावरणी बंद केली होती, पण पट्टा वाचत होताच. हातातून आलेल्या सगळ्या विजेची नोंद माझ्याकडे आहे. सावरणी लावली तर तिला काय काढायचं होतं ते दिसतं. आणि बंद ठेवली तर..."

त्याने आधी बंद ठेवून दाखवलं. काळ्या दगडावर ओरखडे होते. कुठे दोन एकावर एक, कुठे एकच लांब, घसरलेला. मग त्याने सावरणी लावली.

सरस्वती आली. एकेक आकडा उभा, नीट, सारू शाळेत असताना काढायची तशी. मधला उंच, बाजूचे उतरत गेलेले. तिच्या आईने पदर तोंडाला लावला.

"हीच ठेवा," ती म्हणाली. "माझ्या पोरीचा हात असा होता. जगाला हाच दिसू दे."

वाजिद माझ्याकडे बघत राहिला. मला ती सरस्वती सोडवेना. ती तिची होती, तिच्याच मनातली. मी पुढे वाकून बोटाने पडद्यावरच्या आकड्यांवरून हात फिरवला. काच गुळगुळीत होती.

"बंद कर," मी म्हणालो.

"आवं..." तिची आई म्हणाली.

"तिला काय काढायचं होतं ते आपल्याला ठावं हाय. तिनं जे काढलं ते ऱ्हाऊ दे. त्याला तिचा जीव लागला."

तिची आई उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने वाजिदला सांगितलं, की दगड ह्यांच्या मनासारखा ठेव, पण ती दुसरी मला फोनवर देऊन ठेव. वाजिदने दिली. ती अजून रोज बघते. मी तिला बघू देतो.

'टाकी' त्याच वर्षी दसऱ्याला बाहेर आला. फार चालला नाही. लोक लिहायचे, की खेळ अवघड आहे, हात दुखतो, सुरुवातीचा दगड इतका वाईट का आहे. बार्शीच्या एका शिक्षिकेने लिहिलं, की अंगणातले दोन दगड बघून ती दवाखान्यात गेली, औषध चालू झालं आहे, आणि फळ्यावर अजून लिहिता येतं. ते मी स्वतः वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने.

पाटीवर आता सरस्वती मी काढतो. माझी वाकडीच येते.

सारिका तुळशीराम धोत्रे, आमची एकुलती एक मुलगी, ११ मार्च २०४१ रोजी सकाळी फलटणच्या घरी, पुढच्या खोलीत वारली. ती छत्तीस वर्षांची होती.